कोपऱ्यातल्या खोलीची घंटा

एक

मला फोन येतो तो काहीतरी बंद पडल्यावरच. वाढदिवसाला, आजारपणात किंवा नुसताच सहज म्हणून मला कोणी फोन करत नाही, आणि आता त्याची सवयही झाली आहे. त्या दिवशी फोन आला तो एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचा. त्यांच्याकडे बंद पडलं होतं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांचं हृदय.

त्यासाठी नेटवर्क तपासणाऱ्या बाईला कशाला बोलावता, असं मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. गृहस्थ दुपारी, सगळे आडवे झालेले असताना गेले. सापडले तेव्हा त्यांचा अंगठा उशाशी असलेल्या घंटेच्या बटणावर तसाच होता. आणि खाली सिस्टरांच्या टेबलावर ती घंटा वाजलीच नव्हती.

"आमच्या नेटवर्कवाल्या मुलीने काहीतरी घोळ करून ठेवलाय," व्यवस्थापक म्हणाले. "तुम्ही या, बघा आणि तेवढं लिहून द्या. म्हणजे तिला घरी पाठवायला मी मोकळा."

"जे सापडेल ते लिहून देईन," मी म्हणाले. उत्तर आयतं हातात ठेवणाऱ्या माणसांचा मला फार राग येतो. माझी अर्धी तपासकामं त्या रागावरच पार पडली आहेत.

वृद्धाश्रम दुमजली होता. खाली व्यवस्थापकांची खोली आणि सिस्टरांचं टेबल, वर लांबलचक व्हरांड्याच्या कडेने राहणाऱ्यांच्या खोल्या. व्यवस्थापकांनी मला थेट शेवटच्या, कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. गेलेल्या गृहस्थांना सगळे तारकाका म्हणत. का म्हणत, ते मी विचारलं नाही. टोपणनावाला दरवेळी कारण असतंच असं नाही, असं मला उगीच वाटलं.

खोली नीटनेटकी होती. पलंग, त्याच्या उशाशी घंटेचं बटण, आणि त्याहून हातभर वर भिंतीवरून लोंबणारी लाल दोरी. कोणी पडलं-झडलं तर ती ओढायची, मग भोंगा वाजतो, असं मला सांगण्यात आलं. टेबलावर विटेसारखा जाडजूड जुना लॅपटॉप होता. खिडकीचा पडदा एका चपट्या आकाशी वायरीने बाजूला बांधून ठेवला होता. पाहुण्यासाठी एक खुर्ची होती आणि तिच्यावरची उशी नव्यासारखी फुगलेली होती. फळीवर दोन कप उपडे घातलेले. एकाची नक्षी पुसट झालेली, दुसऱ्याची जशीच्या तशी.

माझ्याही घरी असे दोन कप आहेत. मी खोलीतून जरा घाईनेच बाहेर पडले.

दोन

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. हा एक चपटा लोखंडी डबा असतो. सगळ्या खोल्यांच्या वायरी त्यात येतात, आणि कुठल्या खोलीचा निरोप कुठे पोचवायचा ते तो बघतो. इथला डबा वरच्या व्हरांड्यातल्या कपाटात, तारकाकांच्या खोलीच्या भिंतीला लागूनच होता. कपाट उघडायला ती नेटवर्कवाली मुलगी आली. मुलगी कसली, तिशीची बाई होती. पण रडून रडून डोळे असे सुजले होते की शाळकरी पोर वाटावी.

"मॅडम, खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "नोकरी गेली तरी चालेल, आईला मी सांभाळून घेईन. पण माझ्या चुकीने काका गेले असतील तर ते मला कळायला हवं. मला झोप नाही."

"बघू या तर," मी म्हणाले. धीर देणं मला जमत नाही. मी वायरी तपासते.

दोन महिन्यांपूर्वी तिने त्या स्विचवर अ‍ॅक्सेस लिस्ट घातली होती. खोल्याखोल्यांतले टीव्ही आणि नातवंडांनी आणून दिलेली यंत्रं मिळून इतका गलका करत की घंटांचे निरोप रखडत. म्हणून तिने स्विचला एक यादी दिली: अमुक खोलीची घंटा सोड, तमुक खोलीची सोड, लाल दोऱ्या सगळ्या सोड, बाकी सगळं अडव. फाटकावरच्या रखवालदाराला द्यावी तशीच ही यादी. फक्त हा रखवालदार यादी वरून खाली वाचतो, आणि आलेल्याला लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतो. खाली काय लिहिलंय ते तो बघतसुद्धा नाही. या एका गोष्टीपायी आमच्या धंद्यातली निम्मी माणसं कपाळाला हात लावून बसतात.

तिने यादी पडद्यावर आणली. काम बघून मला बरं वाटलं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तिने एक छोटी टीप लिहिली होती, ही ओळ कशासाठी आहे ते सांगणारी. इतकं कोणी करत नाही. ओळींचे क्रमांक दहादहाच्या अंतराने होते. कोपऱ्यातल्या खोलीची घंटा सोडायची, ही ओळही जागेवर होती.

पण तिच्या बरोबर वर, दोन क्रमांकांच्या मधल्या जागेत, आणखी एक ओळ घुसवलेली होती. तिच्या डोक्यावर टीप नव्हती. कोपऱ्यातल्या खोलीची घंटा अडव, एवढंच ती म्हणत होती.

"ही ओळ माझी नाही," मुलगी पुटपुटली. "दोन महिन्यांत मी ही यादी उघडलेलीसुद्धा नाही."

"स्विचचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि साहेबांना." हे सांगताना तिने माझ्याकडे नाही, फरशीकडे बघितलं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तीन

ओळ कधी घातली ते स्विचला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याचं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. बिचाऱ्याच्या लेखी अजून कुठलंतरी जुनंपुराणं साल चालू होतं. पण शेवटचा बदल कुठून झाला, तेवढं त्याला आठवत होतं. बदल लांबून, नेटवर्कवरून झाला नव्हता. कोणीतरी कपाट उघडून, डब्याच्या तोंडाशी वायर खुपसून, तिथेच उभं राहून तो केला होता.

मी व्यवस्थापकांना गाठलं.

"मी? कपाटापाशी?" ते दचकले. "अहो, पासवर्ड माझ्याकडे आहे तो नियम म्हणून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्या कपाटात मी एकदाच डोकावलो, उंदीर शिरला होता तेव्हा. तुम्ही त्या मुलीचं काय ते बघा ना."

त्यांचं म्हणणं मला पटलं. न कळणाऱ्या माणसाने यादीत हात घातला असता तर यादीची वाट लागली असती. ही ओळ मात्र जिथे बसायला हवी नेमकी तिथेच बसली होती.

मग सिस्टर. बाई अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार, आणि तोंडाने फटकळ. कपाटाची किल्ली त्यांच्याच टेबलामागच्या खिळ्याला लटकत होती, कोणीही यावं आणि न्यावी अशी.

"घंटा वाजली की मी जाते. नाही वाजली तर कशी जाणार? मला काय स्वप्न पडतं?" त्या म्हणाल्या.

"तारकाकांची घंटा शेवटची कधी ऐकलीत?"

त्या विचारात पडल्या. "अलीकडे नाहीच. महिना झाला असेल, जास्तच. मला वाटलं, रुळले एकदाचे."

"आधी वाजायची?"

"आधी उठता-बसता वाजायची! खिडकी लावा, पाणी द्या, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावरच असायचा हो!" त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला. "गेलं की म्हणायचे, आलाच आहात तर बसा दोन मिनिटं. मी बसायचेसुद्धा. पण मग..."

"मग काय?"

"काही नाही." आणि बाई टेबलावरची वही चाळू लागल्या.

मी वर येऊन पुन्हा यादीसमोर बसले. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा असतो. ती ओळ किती निरोपांना लागू पडली, याचा. घंटेचं बटण एकदा दाबलं की एक निरोप निघतो. कोपऱ्यातल्या खोलीची घंटा सोडणाऱ्या ओळीपुढे काही आकडा होता, म्हणजे सुरुवातीला घंटा वाजत होती. पण अडवणाऱ्या ओळीपुढचा आकडा शेकड्यांत होता.

मरणारा माणूस एका दुपारी शेकडो वेळा बटण दाबू शकत नाही. तारकाका महिनाभर, रोज, पुन्हा पुन्हा ते मुकं बटण दाबत होते.

आणि इथेच घोडं अडत होतं. मुलगी दर सोमवारी सगळ्या घंटा तपासत असे. तारकाका जायच्या आधीच्या सोमवारीसुद्धा तिने सगळ्या चालू असल्याचं सांगितलं होतं.

चार

"सोमवारी तू काकांची घंटा वाजवून बघितलीस?" मी तिला विचारलं.

"सगळ्यांच्या वाजवल्या."

"त्यांचं बटण दाबलंस? तुझ्या बोटाने?"

तिने आपल्याच बोटाकडे बघितलं.

"मी दारात पोचले की काका म्हणायचे, 'पोरी, माझी मी आत्ताच दाबून बघितली. खालून सिस्टर ओ म्हणाल्या. तू बस.' मग मी बसायचे. मॅडम, त्या खोलीत मी तपासायला जायचेच नाही. बसायला जायचे. पलंगाच्या कडेवर. खुर्ची पाहुण्यांची, म्हणायचे." तिने डोळे पुसले. "एकदा, फक्त एकदा मी स्वतः दाबलं असतं तर ते वाचले असते. म्हणजे मीच मारलं ना त्यांना?"

माझं लक्ष तिच्या एकाच वाक्यावर खिळलं होतं. माझी मी दाबून बघितली, सिस्टर ओ म्हणाल्या.

सिस्टर ओ म्हणाल्याच नव्हत्या. म्हणजे खोटं बोलत होता तो खुद्द मेलेला माणूस.

ज्याची घंटा महिनाभर वाजत नाही, तो माणूस आरडाओरडा करतो. निदान घंटा दुरुस्त करणारी मुलगी समोर येऊन बसली की तिला सांगतो. हे गृहस्थ तिला वाजते म्हणून सांगत होते, आणि ती गेल्यावर पुन्हा बटण दाबत बसत होते.

"तारकाका आधी काय काम करायचे?" मी विचारलं. हा प्रश्न मी सकाळीच विचारायला हवा होता.

तिने नजर चुकवली. पण उत्तर मला आता नको होतं. मी उठून कोपऱ्यातल्या खोलीत गेले आणि पडदा बांधलेली ती चपटी आकाशी वायर सोडली. पडदा पसरला, खोलीत काळोखलं. वायरीची दोन्ही टोकं मी खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरली.

पाच

मी तिघांना त्या खोलीत बोलावलं. व्यवस्थापक दाराशी उभे राहिले, सिस्टर गुडघे धरून पलंगावर टेकल्या, मुलगी भिंतीला पाठ लावून उभी. पाहुण्यांच्या खुर्चीवर कोणीच बसलं नाही.

"ही वायर पडदे बांधायची नाही," मी म्हणाले. "हिचं एक टोक स्विचच्या तोंडाशी लागतं आणि दुसरं जुन्या लॅपटॉपला. नव्या लॅपटॉपला हे टोक बसतच नाही. तुझ्या लॅपटॉपला बसतं का?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"या इमारतीत बसणारा लॅपटॉप एकच, तो टेबलावर आहे. किल्ली खाली खिळ्याला, जाता येता कोणीही उचलावी. राहिला पासवर्ड."

"मी दिला होता," मुलगी म्हणाली. व्यवस्थापक तिच्याकडे वळले, पण ती आता थांबणार नव्हती. "काका जन्मभर हेच काम करत होते. अख्ख्या अख्ख्या इमारतींच्या तारा त्यांनी ओढल्यात. ती यादी मी एकटीने नाही लिहिली. आम्ही दोघांनी या पलंगावर बसून लिहिली. ओळीवर टीप लिही, मागून येणाऱ्याचे हाल होऊ देऊ नकोस, हे त्यांनीच शिकवलं. राहणाऱ्यांना कपाटाला हात लावू द्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून मी लपवलं. पण ती ओळ काकांची नसणार. ते टीप लिहिल्याशिवाय..."

"टीप मागून येणाऱ्याला समजावी म्हणून लिहितात," मी म्हणाले. "ही ओळ कोणाला समजूच नये अशी त्यांची इच्छा होती. ओळ कशी लिहिली आहे ते बघ. रागाने लिहिणारा माणूस अख्खी खोली बंद करून मोकळा होतो. इथे फक्त घंटा अडवली आहे. लाल दोरी चालू ठेवली आहे. शेजारच्या खोल्यांना धक्कासुद्धा लागलेला नाही. ज्याला दुसऱ्या कोणाला त्रास होऊ द्यायचा नव्हता, अशा माणसाचं हे काम आहे. काकांनी स्वतःचीच घंटा बंद केली."

"पण का?" व्यवस्थापक म्हणाले.

"ते सिस्टर सांगतील."

सिस्टर बोलल्या त्या फरशीकडे बघून.

"शेजारच्या खोलीत आजी आहेत. अर्ध्या अंगावरून वारं गेलंय त्यांच्या. एके दिवशी त्या घंटा वाजवत होत्या आणि मी इथे बसले होते, काकांच्या गोष्टी ऐकत. पोचले तेव्हा आजी ओल्यात पडून रडत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी पाळी बदलायला आलेल्या दुसऱ्या सिस्टरला म्हणाले, या कोपऱ्यातल्या घंटेपायी एखाद दिवस कोणाचा तरी जीव जाईल." त्या थांबल्या. "हळूच म्हणाले होते. पण दार उघडं होतं. त्यानंतर त्यांची घंटा वाजली नाही, आणि मला... मला सुटल्यासारखं वाटलं हो."

व्यवस्थापकांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा ठेवून दिला. "ते समजलं. पण वाजत नाही हे माहीत असताना ते दाबत कशाला होते?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते कुठल्या यंत्राने मला दिलं नव्हतं. संध्याकाळी घरी मी कधी कधी फोन हातात घेते, बहिणीचं नाव काढते, आणि तिची जेवणाची वेळ असेल म्हणून ठेवून देते. तेवढ्यानेही जरा बरं वाटतं.

"त्यांना हाक मारायची होती," मी म्हणाले. "कोणी यावं अशी मात्र इच्छा नव्हती. खरीच वेळ आली तर लाल दोरी ओढायची, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. म्हणूनच ती चालू ठेवली. पण महिनाभर हात जिथे जात होता तिथेच तो दुखण्याच्या भरात गेला. दोरी हातभर वर होती."

मुलगी भिंतीवरून सरकत खाली बसली आणि मोठ्याने रडली. सिस्टर पलंगावरून उठल्या, त्या गुडघ्यांनी कशाबशा खाली बसल्या, आणि त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं.

सहा

मी अहवाल तिथेच बसून लिहिला. यादी बरोबर होती. अडवणारी ओळ तारकाकांनी स्वतः घातली. मुलीच्या कामात दोष नाही. व्यवस्थापकांनी तो वाचला.

"म्हणजे कोणाचीच चूक नाही?"

"तसं मी कुठे लिहिलंय?" मी म्हणाले.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मुलीला घरी पाठवायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना त्यांनी पाहुण्यांच्या खुर्चीवरची ती फुगलेली उशी उगाचच सरळ केली.

सिस्टर खाली गेल्या. मुलीने काकांची वायर काकांच्याच लॅपटॉपला जोडली आणि ती ओळ काढून टाकली.

"आता तपासायला हवं," ती म्हणाली.

"तपास. तुझ्या बोटाने."

ती पलंगाच्या कडेवर बसली, तिच्या नेहमीच्या जागी, आणि तिने बटण दाबलं. खाली घंटा वाजली. इतक्या लांबूनसुद्धा स्पष्ट ऐकू आली. पाठोपाठ जिन्यावर पावलं वाजू लागली. जड, दुखऱ्या गुडघ्यांची, पण पळणारी.

सिस्टर दारात आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. खोली रिकामी आहे हे त्यांना माहीत होतं. ओळ काढून घंटा वाजवून बघणार हेही माहीत होतं. त्या आत आल्या, पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि बसल्या. दोन मिनिटांपेक्षा खूप जास्त वेळ आम्ही तिघी तिथे बसून होतो.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून जेवत होते, बसून जेवायला सोबत लागते म्हणून. फोन वाजला. त्या मुलीचा नंबर बघून मी ताट बाजूला सारलं आणि पिशवी शोधू लागले.

"काय बंद पडलं?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "सहज केला."

मी पिशवी ठेवली, खुर्ची ओढली आणि बसले.

"बोल," मी म्हणाले.